कमरेएवढी दांडी

आमच्या माणिकपूरच्या फ्लॅटची वास्तुशांत चालली होती. मी आणि हे पाटावर, गुरुजी संकल्प सांगतायत, आणि पाठीमागून टक टक, टक टक असा आवाज. मला वाटलं वरच्या मजल्यावर सुतारकाम चालू आहे. मान वळवून बघते तर आमच्या कंपनीतले हरूभाऊ राऊत! एका हातात पन्ह्याचा ग्लास, कान भिंतीला लावलेला, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने ते आमची भिंत वाजवत होते. बाजारात कलिंगड वाजवून घेतात तशी.

"ही भरीव आहे. ही पोकळ," ते माझ्या सासूबाईंना सांगू लागले. "आणि ही बाथरूमकडची तर नुसता डबा. नेमका हिच्यावरच देव्हारा लावलाय तुम्ही."

"अहो, देवाला कसलं आलंय वजन?" सासूबाई म्हणाल्या.

"देवाला नसतं हो, सागवानाला असतं," असं म्हणत त्यांनी देव्हाऱ्याची फळी दोन बोटांनी हळूच दाबून पाहिली आणि चेहरा असा केला की गुरुजीसुद्धा मंत्र म्हणायचे थांबले. "दिवाळीपर्यंत खाली येईल."

शुभकार्यात असं अभद्र बोलणारा माणूस सासूबाईंच्या मनातून तिथल्या तिथे उतरला. देव्हारा मात्र नवरात्रातच उतरला. दिवा लावलेला नव्हता म्हणून निभावलं. पुढच्या रविवारी हरूभाऊंनी स्वतः येऊन तो पुन्हा बसवून दिला, फळीला लोंबकळून दाखवलं आणि चहा पिऊन गेले. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव 'भिंतवाले' पडलं. साधं कॅलेंडर लावायचं असलं तरी सासूबाई म्हणायच्या, "आधी भिंतवाल्यांना विचार."

सातिवलीत आमचा कारखाना होता. म्हणजे शेठचा होता, पण आम्ही सगळे 'आमचा'च म्हणायचो. प्लास्टिकचे खिळे, हुक, वायरी धरणाऱ्या पट्ट्या, भिंतीत दाबलं की आत जाऊन बसणाऱ्या क्लिपा असला बारीकसारीक माल आम्ही काढायचो. मी ऑफिसात कोटेशन, चलनं आणि फोन सांभाळायचे. माझ्या टेबलासमोर एक काच होती आणि काचेपलीकडे हरूभाऊ, आमचे एकुलते एक डिझायनर. उंच, वाळकुडे, शर्टाचा खिसा क्लिपांनी कायम फुगलेला. जेवणानंतर त्या खिशातून त्यांच्या गास गावच्या घरची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, निघायची आणि एखाद्या वेळी सुकेळीच्या जोडीला एखादी क्लिपही हातावर पडायची.

त्यांची एक सवय होती. कुठलीही क्लिप हातात आली की ते ती कानाशी नेऊन दाबायचे. बसल्याचा आवाज ऐकायचे. मग म्हणायचे, "बसली," किंवा म्हणायचे, "बसल्यासारखं करतेय." त्यांच्या मते डोळा फसतो, बोट फसतं, पण कान फसत नाही. मला ते डोळे मिटायला लावून दोन क्लिपा ऐकवायचे आणि चांगली कुठली ते विचारायचे. मला दोन्ही सारख्याच वाटायच्या. मी अंदाजाने एक सांगायचे आणि ते मान हलवून म्हणायचे, "मानेबाई, तुम्ही कोटेशनच काढा."

दुसरी गोष्ट त्यांच्या भिंतींची. शेडच्या मागे त्यांनी प्रत्येक जातीची एकेक भिंत बांधून घेतली होती. एक लाल विटांची, एक सिमेंटच्या ठोकळ्यांची, एक हल्लीच्या बिल्डिंगांत घालतात तसल्या पोकळ ठोकळ्यांची. गावात कुणाचं जुनं घर पाडलं तेव्हा चुन्याच्या भिंतीचा एक तुकडा त्यांनी टेम्पोत घालून आणला होता. त्या चार भिंती उघड्यावर अशा उभ्या होत्या की बाहेरून आलेले ड्रायव्हर लोक भलत्याच कामासाठी त्यांच्या आडोशाला जायचे. हरूभाऊ मग "अरे, टेस्टिंग है, टेस्टिंग!" असं ओरडत धावायचे आणि आम्ही काचेतून बघून हसायचो. आता ते आठवलं की हसू येतं, पण फार वेळ टिकत नाही.

एकदा एका गिऱ्हाइकाला टॉवेल अडकवायचा हुक हवा होता. शेठ म्हणाले, टॉवेलच तर आहे, पातळ काढा, माल वाचेल. हरूभाऊंनी साफ नकार दिला.

"शेठ, भिंतीवर जे लावाल ते माणूस एक दिवस धरणारच. पाय घसरला की तो काय हुकावरचं नाव वाचत बसतो? हाताला येईल ते धरतो."

"पण टॉवेलचा हुक आहे, हरूभाऊ."

"हे तुम्हाला माहीत आहे. घसरणाऱ्याला नाही."

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल! पुढे तर मीच ते गिऱ्हाइकांना फोनवर ऐकवायला लागले.

एवढा जाणकार माणूस, पण उभी नोकरी दुसऱ्याच्या मालाची नक्कल करण्यात गेली. शेठ मुंबईहून नाहीतर प्रदर्शनातून एखादा पीस घेऊन यायचे, टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हरूभाऊ, ये देखो. बस असाच काढा." हरूभाऊ तो पीस मोजायचे, कानाशी लावायचे, त्यातल्या खोडी काढायचे आणि तसाच काढून द्यायचे. एकदा मला म्हणाले, "माझ्या हातची म्हणावी अशी एक तरी वस्तू भिंतीवर राहिली पाहिजे, मानेबाई." हे बोलताना ते हसले नव्हते, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

मग पोकळ भिंतींच्या तक्रारी वाढल्या. वसईपासून विरारपर्यंत नव्या बिल्डिंगा, नवे संसार, आणि फळी लावली की खाली. शेठने या खेपेला पीस आणला नाही. म्हणाले, "तुम्हीच काहीतरी काढा." त्या दिवशी हरूभाऊंनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

त्यांनी जे काढलं त्याला कारखान्यात सगळे 'चिंबोरी' म्हणायचे, कारण ते दिसायचंच खेकड्यासारखं. पुढे दोन नांग्या, मागे चार पाय. भिंतीला भोक पाडून पाय मिटून आत ढकलायचे. पोकळीत गेले की ते फाकायचे आणि भिंतीला आतून धरून बसायचे. मग पुढच्या नांग्यांत दांडी म्हणा, पाईप म्हणा, दाबला की कट्ट. स्क्रू नको, सुतार नको. काढायचं असेल तर नांगीच्या कडेला अंगठा दाबायचा. हरूभाऊंनी एके दिवशी मला त्या मागच्या भिंतीकडे नेलं, चिंबोऱ्यांत बसवलेल्या दांडीपाशी उभं केलं आणि म्हणाले, "पडताय असं समजा." मी साडी आवरत बेतानेच दांडी धरली. "हे पडणं नव्हे, हे लग्नातलं उभं राहणं आहे," असं म्हणून त्यांनी मला मागून चक्क ढकललं. मी दांडीला लटकले. दांडी हलली नाही. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलत नव्हते.

हे नमुने नायलॉनचे होते आणि नायलॉनचं एक तंत्र आहे. मशीनमधून नुकतंच पडलेलं नायलॉन कोरडं असतं, वाकवलं तर मोडतं. ते पाण्यात ठेवलं की पाणी पितं आणि चिवट होतं. हरूभाऊ आपले नमुने अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात घालून शेगडीवर पाण्यात उकळायचे. येणारा जाणारा विचारायचा, "भात झाला का हरूभाऊ?" ते म्हणायचे, "घरी वयनी वाडीला पाणी लावते, इथे मी चिंबोऱ्यांना." वाडीवाल्याच्या घरातच जन्मले होते ते. केळी, पानवेली, फुलझाडं. पाणी लावणं म्हणजे त्यांच्यासाठी श्वास घेण्याइतकं साधं काम होतं.

या वयनीबद्दल सांगायला हवं. वयनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. हरूभाऊंची आई लवकर गेली. वयनी लग्न होऊन गासच्या घरात आली तेव्हा हा दीर म्हणजे शाळेत जाणारं पोर होतं आणि तिनेच त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवलं. भावाच्या मनात होतं याने वाडीत कामाला लागावं. वयनी आडवी आली. "ह्याचे हात वाडीचे नाय, ह्याला शिकू दे," म्हणाली आणि स्वतः दुप्पट राबून त्याचा डिप्लोमा पुरा करून घेतला. पुढे भाऊ वारले, पुतणे फ्लॅट घेऊन लांब गेले, हरूभाऊंनी लग्न केलं नव्हतं. घरात दीर आणि भावजय एवढेच उरले. ऑफिसात कुठलीही चांगली गोष्ट घडली की हरूभाऊंचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "वयनीला सांगतो."

वयनीचे गुडघे गेले होते. स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे जायला त्यांच्या घरात एक बोळ होता, नव्याने बांधलेला, पोकळ ठोकळ्यांच्या भिंतींचा. त्या दाराबाहेर न्हाणीघर आणि पुढे वाडी. वयनी त्या बोळातून भिंतीला हात टेकत चालायची. रोजच्या हाताने भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळसर पट्टा उमटला होता. हरूभाऊ म्हणाले होते, आधाराला दांडी लावतो. वयनीने उडवून लावलं. म्हणे, "मी काय हास्पिटलात राहते?"

चिंबोरीचा पहिला माल निघाला तो थंडीच्या दिवसांत. मोठी ऑर्डर होती, मशीन दोन्ही पाळ्या चालू होतं. हरूभाऊंनी मशीनवरून उतरलेल्या मालातलं अगदी पहिलं पाकीट मागून घेतलं. मी म्हटलं, "तुमच्या खणात तपासलेले नमुने आहेत की इतके."

"ते नमुने झाले. हा माल आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे पहिला घड बाजारात जात नाही, मानेबाई. आधी देवापुढे, मग घरातल्या मोठ्या बाईच्या हातात. मग उरलेला गावाला."

त्या रविवारी त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. गासला पोचलो तेव्हा ते पाकीट देवापुढे हळदकुंकू वाहून ठेवलेलं होतं. वयनीने ते उचलून डोळ्यांना लावलं, चिंबोरी हातात घेऊन उलटसुलट केली आणि मला म्हणाली, "एवढ्याशासाठी हा जेवायचा नाय घरात." पण तिचा चेहरा असा फुलला होता की मला आजही तो जसाच्या तसा दिसतो.

हरूभाऊंनी बोळात दांडी लावायला घेतली. बरोब्बर त्या काळसर पट्ट्यावर.

"ही काय रे?" वयनी म्हणाली.

"टॉवेल वाळत घालायला."

"कमरेएवढी? टॉवेल वाळवायला कमरेएवढी दांडी कोन लावतं?"

"हल्ली अशीच लावतात," हरूभाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाले. वयनीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तिला सगळं कळलं होतं आणि तिने ते चालवून घेतलं होतं.

शेवटच्या चिंबोरीत त्यांनी दांडी दाबली. आवाज झाला. टक्. मला त्या आवाजातलं काही कळलं नाही, पण हरूभाऊ तसेच थांबले. हात दांडीवर, मान तिरकी. वयनीने मागून विचारलं, "बसली ना रे?" त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत उभी होती, दांडी धरून बघायला आतुर झालेली.

"बसली," ते म्हणाले. मग आम्ही जेवायला बसलो.

मंगळवारी हरूभाऊ कामावर आले नाहीत. सकाळी वाडीकडे जाताना वयनीचा पाय उंबऱ्याशी अडखळला होता. तिने दांडी धरली. दांडी हातात आली आणि ती कमरेवर आपटली. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झाल्यावर ते आले ते सरळ शेडमध्ये गेले. मी मागोमाग गेले. रुमालात मोडलेली चिंबोरी होती. पाय मुळापासून तुटले होते, कापल्यासारखे सरळ. चिवट नायलॉन तसं तुटत नाही, आधी वाकतं, पांढरं पडतं. त्यांनी मशीनवरच्या तिवारीला विचारलं, "माल पाण्यात कधी टाकता?"

तिवारी साधा, कामसू माणूस. तो गोंधळून म्हणाला, "कौन सा पानी, साहब?"

हरूभाऊंनी चिंबोरी पुन्हा रुमालात गुंडाळली.

शेठने ड्रॉइंग मागवलं. त्यात काय नव्हतं? प्रत्येक कड, प्रत्येक गोलाई, नांगीचा कोन, मालाची जात, रंग. फक्त पाण्याचं नव्हतं. माल मशीनवरून गरमागरम निघून थेट पाकिटात बंद होत होता. शेठ आवाज चढवणारे गृहस्थ, पण त्या दिवशी हळूच म्हणाले, "हरूभाऊ, लिहिलं नव्हतं ना."

"वाडीला पाणी लावा, असं कोणी लिहून ठेवतं का शेठ?" एवढं बोलून ते खुर्चीत बसले. त्यांनी ते स्वतःच्या बचावासाठी म्हटलं नव्हतं. त्यांना खरोखरच तेव्हा पहिल्यांदा कळलं होतं की जगात वाडी नसलेली माणसंही असतात आणि ड्रॉइंग त्यांच्यासाठी असतं.

शेठने गेलेला सगळा माल परत मागवला. सुदैवाने दुसऱ्या कुणाला काही झालं नव्हतं. शेडमध्ये गरम पाण्याची टाकी बसली, ड्रॉइंगवर ठळक अक्षरांत सूचना आली. पण हरूभाऊंनी ती सूचना लिहिली आणि राजीनामा दिला. शेठने समजावलं, मी समजावलं. चूक एकट्याची नव्हती, इतक्या जणांच्या हातून माल गेला, एकानेही विचारलं नाही, असं सगळं मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला ऐकू आलं होतं, मानेबाई," ते म्हणाले. "त्या रविवारी. आवाज कोरडा होता. मागे वळलो, वयनीचा चेहरा बघितला, आणि बसली म्हणालो."

खिशातल्या क्लिपा त्यांनी माझ्या टेबलावर काढून ठेवल्या आणि स्कूटर घेऊन गेले. त्यांचा सपाट झालेला खिसा बघून मला रडू आलं.

चिंबोरी मात्र चालली. इतकी चालली की शेठने दुसरं मशीन घेतलं. वसई-विरारच्या किती घरांत आज ती असेल देव जाणे. फळ्या, पडदे, पाईप धरून निमूट बसलेली. काही महिन्यांनी शेठने माझ्याबरोबर नव्या मालाचं एक पाकीट गासला पाठवलं. मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. बोळाच्या तोंडाशी मी थबकले. वयनी चालत होती आणि हरूभाऊ तिच्या बाजूने एकेक पाऊल टाकत होते. त्यांचा डावा हात कोपरात वाकवून कमरेच्या उंचीवर आडवा धरलेला. वयनीने तो दांडीसारखा धरला होता. भिंतीवरची भोकं सिमेंटने बुजवलेली होती.

"पोरांनी धरून चालायचा वाकर आनलाय," वयनी मला म्हणाली. "तो खाटेखाली. ह्याच्यापुढे कोनाचं चालतं?"

मी पाकीट दिलं. हरूभाऊंनी एक चिंबोरी काढली, कानाशी नेऊन दाबली. जुना चेहरा क्षणभर परत आला. "पाणी पाजलंय. चांगली बसतेय," म्हणाले आणि चिंबोरी पाकिटात परत ठेवली.

"मग लावा ना पुन्हा," मी म्हटलं.

"तेच सांगून थकले मी," वयनी म्हणाली. "दांडी लाव म्हनते. दांडी असली तर मी माझी मी वाडीत जाईन. पानवेली बघायच्यात मला. हा कुठे बाहेर गेला की मी बसून ऱ्हाते, आनि आता कामालाही जात नाय." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अरे, एकदा मोडली म्हनून काय झालं? वाडीत केळ पडते, आपन दुसरी लावत नाय?"

"नको वयनी. मी आहे ना," ते म्हणाले.

तिने पुढे वाद घातला नाही. पण मागच्या दारातून दिसणाऱ्या वाडीकडे ती ज्या नजरेने बघत राहिली ती मी पाहिली होती. तिने दिराला कधी दोष दिला नाही. तिला फक्त स्वतःच्या पायांनी वाडीत जायचं होतं, आणि त्यांच्या हाताला धरून जिथवर जाता येईल तिथवरच ती जात होती. मला वाटतं, हरूभाऊंना हे कळत होतं. कळूनही त्यांचा हात भिंतीकडे जात नव्हता.

यंदाच्या पावसाळ्यानंतर वयनी गेली. झोपेतच. दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेले. हरूभाऊ ओसरीवर होते, मला बसवलं, वाडी पुतण्यांनी कसायला दिली असं काहीबाही सांगितलं. मग म्हणाले, "पाणी आणतो," आणि आत गेले.

मला बसल्या जागेवरून बोळ दिसत होता. भिंतीवर दांडी होती. नवी, कमरेएवढी, बरोब्बर त्या काळसर पट्ट्यावर, चिंबोऱ्यांत घट्ट बसवलेली. कधी लावली ते मी विचारलं नाही. हरूभाऊ बोळातून हळूहळू, एकेक पाऊल टाकत चालले होते. डावा हात कोपरात वाकवून कमरेच्या उंचीवर आडवा धरलेला होता. दांडी आणि ते, यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा सोडलेली होती.